शिक्का आणि मोर्तब : राष्ट्रपतींच्या सहीचा अर्थ

आपल्याकडे घरटी एखादी तरी एलआयसीची पॉलिसी असते. या महामंडळाचा मालक कोण, असे विचारले तर बहुतेक जण 'सरकार' असे उत्तर देतील आणि ते चूक म्हणता येणार नाही. पण २०२२ साली एलआयसीचे शेअर बाजारात आले, तेव्हाच्या कागदपत्रांत प्रवर्तक म्हणून ना पंतप्रधानांचे नाव होते, ना अर्थमंत्र्यांचे. तिथे नाव होते भारताच्या राष्ट्रपतींचे, अर्थ मंत्रालयामार्फत. साडेतीन टक्के शेअर लोकांना विकले गेले आणि उरलेले साडेशहाण्णव टक्के राष्ट्रपतींच्या नावावर राहिले.

हा काही एकटा अपवाद नाही. रेल्वेचा पूल बांधायचा असो की लष्करासाठी ट्रक विकत घ्यायचे असोत, केंद्र सरकारच्या करारात एका बाजूला ठेकेदार असतो आणि दुसऱ्या बाजूला भारताचे राष्ट्रपती. राज्यघटनेच्या २९९व्या कलमाने तसे बंधनच घातले आहे. ७७वे कलम तर त्याहून व्यापक आहे. केंद्र सरकारची प्रत्येक कार्यकारी कृती राष्ट्रपतींच्या नावाने झाली पाहिजे, असे ते सांगते. दिल्लीतल्या एखाद्या उपसचिवाने काढलेला साधा आदेशसुद्धा राष्ट्रपतींच्या नावाने निघतो. तो आदेश राष्ट्रपतींनी पाहिलेलाही नसतो.

म्हणजे एवढ्या प्रचंड व्यवहाराखाली ज्यांचे नाव आहे, त्यांचा त्या व्यवहाराशी व्यक्ती म्हणून काहीही संबंध नाही. करार फसला तर राष्ट्रपती व्यक्तिशः जबाबदार नाहीत, हेही त्याच २९९व्या कलमात स्पष्ट लिहिले आहे. मग हे नाव तिथे कशासाठी? चहाच्या टपरीपासून टीव्हीवरच्या चर्चेपर्यंत याचे एकच उत्तर ऐकू येते : "राष्ट्रपती म्हणजे रबर स्टॅम्प." या उत्तराची नीट तपासणी करावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मी कायद्याचा पदवीधर नाही. मोडी कागदपत्रे वाचण्याच्या नादातून मराठ्यांच्या राज्यव्यवस्थेकडे वळलो आणि तिथून, वाट वाकडी करून, संविधान सभेच्या चर्चांच्या खंडांपर्यंत पोहोचलो. त्यामुळे शिक्का हा शब्द कानावर पडला की मला आधी रबराचा शिक्का आठवत नाही, मराठेशाहीतला शिक्का आठवतो. सुरुवात तिथूनच करतो.

सातारा आणि पुणे

आपण सहज म्हणून जातो, की अमक्या गोष्टीवर शिक्कामोर्तब झाले. हे मुळात दोन वेगळे ठसे आहेत. राजपत्राच्या माथ्यावर उमटायचा तो शिक्का आणि मजकूर संपल्यावर शेवटी उमटायचे ते मोर्तब. शिक्का सांगतो की हे पत्र कोणाच्या अधिकाराने निघाले. मोर्तब सांगते की मजकूर इथे संपला, यापुढे कोणी एक अक्षरही वाढवायचे नाही. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या शेवटी असणाऱ्या मुद्रेला अभ्यासक 'मर्यादा मुद्रा' म्हणतात, ते याच अर्थाने. एकाच पत्रावर अधिकार आणि मर्यादा अशा दोन्ही खुणा असत.

पुढे पेशवाईत सत्तेचे केंद्र पुण्याला आले. फौजा पुण्याहून निघत, तह पुण्यात होत, वसुलीचा हिशेब पुण्यात लागे. तरीही पेशव्यांच्या शिक्क्यावर पहिले नाव असे साताऱ्याच्या राजाचे. नानासाहेबांच्या शिक्क्यात आधी शाहू महाराजांचे नाव येते आणि मग 'मुख्य प्रधान' या पदासह पेशव्यांचे. नव्या पेशव्याला पेशवाईची वस्त्रे साताऱ्याहून घ्यावी लागत. सवाई माधवराव तर १७७४ साली अवघे चाळीस दिवसांचे असताना त्यांच्या नावाने वस्त्रे आली. पाळण्यातल्या मुलाला कारभार करता येणार नव्हता, हे बारभाईंना कळत होते. पण वस्त्रांवाचून त्यांच्या स्वतःच्या कारभारालाही आधार नव्हता.

या नुसत्या नावाची किंमत सर्वांत चांगली ओळखली ती इंग्रजांनी. १८१८ च्या फेब्रुवारीत सातारा हाती येताच एल्फिन्स्टनने जाहीरनामा काढला आणि आपले भांडण बाजीरावाशी आहे, छत्रपतींशी नाही, असे लोकांना सांगितले. प्रतापसिंह महाराजांना गादीवर बसवण्याचे आश्वासन दिले. राज्य आणि कारभारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लोकांच्या मनात इतके पक्के होते की शत्रूलाही त्याचा उपयोग करून घेता आला.

पण या गोष्टीची दुसरी बाजूही आहे. १७४९ साली शाहू महाराज गेल्यानंतर साताऱ्याची गादी जवळजवळ नजरकैदेत गेली. नाव राजाचे चालत राहिले, पण त्याला एखाद्या कागदाबद्दल प्रश्न विचारण्याची सोय उरली नाही. शिक्का राहिला आणि मोर्तबाचा अर्थ गेला. प्रतीकाचे काय होऊ शकते, याचे हे घरचे उदाहरण राष्ट्रपतिपदाचा विचार करताना माझ्या मनातून जात नाही.

आंबेडकरांनी वापरलेली उपमा

४ नोव्हेंबर १९४८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत घटनेचा मसुदा मांडला, तेव्हा त्यांनी शिक्क्याचीच उपमा वापरली, हा मला मोठा लक्षणीय योगायोग वाटतो. त्यांच्या सांगण्याचा आशय असा : इंग्लंडच्या राज्यपद्धतीत राजाचे जे स्थान, तेच आपल्या राष्ट्रपतींचे. ते राज्यसंस्थेचे प्रमुख आहेत, कार्यकारी मंडळाचे नाहीत. ते राष्ट्राचे प्रतिनिधी आहेत, राज्यकर्ते नाहीत. राष्ट्राचे निर्णय ज्या मुद्रेने जाहीर होतात, त्या मुद्रेवरच्या चिन्हासारखे त्यांचे स्थान आहे.

अमेरिकेसारखा अध्यक्ष का नको, याचाही खल झाला. प्रा. के. टी. शहा यांनी राष्ट्रप्रमुख थेट जनतेने निवडावा असा आग्रह धरला. नेहरूंचा मुद्दा वेगळा होता. साऱ्या देशाने थेट मत देऊन निवडलेल्या माणसाला अधिकार काहीच द्यायचे नाहीत, हे विसंगत होईल. आणि अधिकार दिले तर लोकसभेला जबाबदार असलेल्या मंत्रिमंडळासमोर दुसरे सत्ताकेंद्र उभे राहील. म्हणून अप्रत्यक्ष निवडणुकीचा मार्ग स्वीकारला गेला. संसदेच्या दोन्ही सभागृहांचे निवडून आलेले खासदार आणि राज्यांचे निवडून आलेले आमदार मत देतात. नामनिर्देशित सदस्यांना मत नाही.

या मतदानाचे गणित शाळकरी मुलालाही कागदावर करता येईल असे आहे. राज्याची १९७१ सालची लोकसंख्या घ्यायची, तिला आमदारांच्या संख्येने भागायचे, पुन्हा १००० ने भागायचे. महाराष्ट्राची त्या वेळची लोकसंख्या होती ५ कोटी ४ लाखांच्या थोडी वर आणि आमदार २८८. उत्तर येते १७५. म्हणजे आपल्या प्रत्येक आमदाराच्या मताचे मूल्य १७५ आणि साऱ्या विधानसभेचे मिळून ५०,४००. गोव्याच्या आमदाराचे मूल्य २०, सिक्कीमच्या ७, उत्तर प्रदेशच्या २०८. मग देशभरच्या आमदारांच्या मतांची बेरीज करून तिला निवडून आलेल्या खासदारांच्या संख्येने भागतात. २०२२ च्या निवडणुकीत एका खासदाराच्या मताचे मूल्य ७०० आले. अशा रीतीने सगळे आमदार एका पारड्यात आणि सगळे खासदार दुसऱ्या पारड्यात, वजन जवळजवळ सारखे.

१९७१ चाच आकडा अजून का, याचेही कारण आहे. ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन मनावर घेतले, त्यांचे वजन त्यामुळे घटू नये म्हणून तो गोठवला गेला. २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत तोच चालणार आहे.

या गणितातला अर्थ महत्त्वाचा. पंतप्रधान लोकसभेतल्या बहुमताचे असतात. ते बहुमत काही मोजक्या राज्यांच्या जोरावरही मिळू शकते. राष्ट्रपती मात्र केंद्र आणि राज्ये यांनी मिळून निवडायचे असतात. २००७ मध्ये प्रतिभाताई पाटील उभ्या राहिल्या, तेव्हा शिवसेना विरोधी आघाडीत असूनही तिने जळगावच्या या मराठी उमेदवाराला पाठिंबा दिला. त्याची चर्चा पक्षीय राजकारण म्हणून झाली. मला त्यात या निवडणुकीची मूळ रचनाही दिसते. एखाद्या राज्याला आपले असे काही पक्षरेषेपलीकडे सांगता यावे, अशी जागा या एकाच निवडणुकीत आहे.

राजेंद्रबाबूंची शंका

२६ जानेवारी १९५० रोजी डॉ. राजेंद्र प्रसादांनी शपथ घेतली आणि दीड-पावणेदोन वर्षांतच पहिला पेच उभा राहिला. हिंदू कोड बिल त्यांना मान्य नव्हते. सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी नेहरूंना कळवले, की या विधेयकाबाबत आपण स्वतःच्या बुद्धीने निर्णय घेऊ इच्छितो. नेहरूंनी महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड यांचे मत मागवले. मुंबईच्या या निष्णात वकिलाने निःसंदिग्ध उत्तर दिले : राष्ट्रपतींना मंत्रिमंडळाच्या सल्ल्याविरुद्ध जाता येणार नाही.

गंमत अशी की त्या वेळी घटनेत हे इतक्या स्पष्ट शब्दांत लिहिलेले नव्हते. ७४व्या कलमात एवढेच होते, की राष्ट्रपतींना साहाय्य आणि सल्ला देण्यासाठी मंत्रिमंडळ असेल. तो सल्ला बांधील आहे, असे त्यात म्हटलेले नव्हते. राजेंद्रबाबूंची शंका म्हणूनच पोकळ नव्हती. नोव्हेंबर १९६० मध्ये दिल्लीत इंडियन लॉ इन्स्टिट्यूटच्या इमारतीची पायाभरणी करताना त्यांनी जाहीरपणे सुचवले, की राष्ट्रपतींचे अधिकार इंग्लंडच्या राजासारखेच आहेत का, याचा अभ्यासकांनी शोध घ्यावा.

पण त्यांनी प्रत्यक्षात केले काय, ते पाहा. हिंदू विवाहाचा कायदा १९५५ मध्ये आणि वारसाहक्काचा १९५६ मध्ये संसदेने मंजूर केला, तेव्हा त्या दोन्हींवर राजेंद्रबाबूंचीच सही झाली. आज आपल्या लेकीबाळींना जे हक्क आहेत, त्यांच्या मुळाशी असलेल्या या कायद्यांवर ते व्यक्तिशः ज्यांना पटले नव्हते त्यांची सही आहे. त्यांचे मत त्यांच्याजवळ राहिले आणि सही राष्ट्राची झाली. समजा, त्यांनी सही नाकारली असती. अप्रत्यक्षपणे निवडल्या गेलेल्या एका माणसाचे मत निवडून आलेल्या संसदेच्या वर बसले असते. 'राष्ट्रपतींनी जरा कणखरपणा दाखवावा' असे आपण आपल्या नावडत्या सरकारच्या काळात म्हणतो, तेव्हा हे उदाहरण समोर ठेवावे. कणखर राष्ट्रपती आपल्याच मताचे निघतील, याची हमी कोणी द्यायची?

सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये शमशेर सिंग खटल्यात सात न्यायाधीशांच्या पीठापुढे हा वाद निकालात काढला. घटनेत 'राष्ट्रपतींची खात्री' असे जिथे म्हटले आहे, तिथे व्यक्तीची खात्री अभिप्रेत नसून मंत्रिमंडळाची खात्री अभिप्रेत आहे, असा त्याचा आशय. हा मुद्दा लक्षात ठेवूया, कारण तो एका वर्षातच कामाला यायला हवा होता.

२५ जूनची रात्र

१२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची निवडणूक रद्द ठरवली. २५ जूनच्या रात्री अंतर्गत आणीबाणीच्या घोषणेचा कागद राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांच्यापुढे आला आणि मध्यरात्रीच्या आत त्यावर सही झाली. मंत्रिमंडळाची बैठक भरली ती दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता. म्हणजे मंत्रिमंडळाचा सल्ला म्हणून जी सही झाली, त्या सल्ल्याची मंत्रिमंडळाला माहितीच नव्हती. पंतप्रधानांच्या पत्रात सरकारी कामकाजाच्या १९६१ च्या नियमांपैकी बाराव्या नियमाचा आधार दिला होता. तातडीच्या प्रसंगी पंतप्रधानांना नेहमीची रीत बाजूला ठेवू देणारा हा नियम आहे.

राष्ट्रपतींनी त्या रात्री नकार द्यायला हवा होता असे मी म्हणणार नाही. पण एक प्रश्न विचारायला त्यांना कोणीच अडवले नव्हते : "मंत्रिमंडळाचा ठराव कुठे आहे?" शमशेर सिंग निकालाप्रमाणे खात्री मंत्रिमंडळाची हवी होती आणि कागदावर ती नव्हती. प्रश्न विचारला असता तर कदाचित सहा-आठ तासच लांबले असते. पण त्या सहा-आठ तासांत मंत्र्यांना आपले मत सही होण्याआधी सांगावे लागले असते. त्या वर्षीच्या डिसेंबरात अबू अब्राहम यांचे एक व्यंगचित्र 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये छापून आले. त्यात राष्ट्रपती स्नानाच्या टबात बसूनच अध्यादेशावर सही करून कागद बाहेर देत आहेत. 'रबर स्टॅम्प' ही कल्पना भारतीय मनात पक्की बसली असेल, तर त्यात या चित्राचा वाटा मोठा आहे.

त्यानंतर घटनेत दोन बदल झाले आणि दोन्ही एकत्र वाचले पाहिजेत. १९७६ च्या ४२व्या दुरुस्तीने राष्ट्रपतींनी सल्ल्यानुसारच वागले पाहिजे, असे स्पष्ट लिहिले. १९७८ च्या ४४व्या दुरुस्तीने ते तसेच ठेवले, पण त्याला एक जोड दिली : राष्ट्रपती तो सल्ला फेरविचारासाठी एकदा परत पाठवू शकतात. फेरविचारानंतर आलेला सल्ला मात्र मानलाच पाहिजे. शिवाय आणीबाणीची घोषणा मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याखेरीज करता येणार नाही, अशी अटही घातली. 'कॅबिनेट' हा शब्द आपल्या घटनेत पहिल्यांदा आला तो या अटीमुळे. २५ जूनच्या रात्री जो प्रश्न विचारला गेला नाही, तो पुढच्या पिढीने घटनेतच लिहून ठेवला.

एकदाच विचारता येणारा प्रश्न

एकदा परत पाठवून काय होते, सरकार तोच कागद पुन्हा पाठवील, असे कोणी म्हणेल. नियम तसाच आहे. व्यवहारात काय घडले ते पाहू.

ऑक्टोबर १९९७ मध्ये गुजराल सरकारने उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस केली. तिथल्या कल्याणसिंह सरकारने नुकताच विधानसभेत विश्वासदर्शक ठराव जिंकला होता. के. आर. नारायणन यांनी शिफारस परत पाठवली आणि मंत्रिमंडळाने ती सोडून दिली. सप्टेंबर १९९८ मध्ये वाजपेयी सरकारने बिहारबाबत तशीच शिफारस केली. नारायणन यांनी तीही परत पाठवली. फेब्रुवारी १९९९ मध्ये ती पुन्हा आली तेव्हा त्यांनी नियमाप्रमाणे सही केली. पण राज्यसभेत बहुमत नसल्यामुळे सरकारलाच ती राजवट मागे घ्यावी लागली. सरकारे दोन वेगळ्या पक्षांची, राष्ट्रपती एकच आणि प्रश्नही एकच.

२००६ मध्ये लाभाच्या पदांसंबंधीचे विधेयक डॉ. अब्दुल कलामांनी संसदेकडे परत पाठवले. संसदेने ते पुन्हा मंजूर केले आणि कलामांनी सही केली. तो प्रश्न 'हरला' असे मला वाटत नाही. हे विधेयक कोणाच्या सोयीचे आहे, याची चर्चा त्या काही आठवड्यांत देशभर झाली. याच कलामांनी आदल्या वर्षी, मे २००५ मध्ये, परदेश दौऱ्यावर मॉस्कोत असताना रात्रीतून बिहार विधानसभा विसर्जित करण्याच्या घोषणेवर सही केली होती आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने ती घोषणा घटनाबाह्य ठरवली. एकाच माणसाच्या या दोन सह्या शेजारी ठेवल्या, की प्रश्न विचारण्याला लागणारा वेळ किती मोलाचा असतो ते कळते.

१९८६ मध्ये संसदेने मंजूर केलेले टपाल दुरुस्ती विधेयक ग्यानी झैलसिंग यांनी ना मंजूर केले, ना परत पाठवले. मुदत संपेपर्यंत ते तसेच ठेवले. लोकांची पत्रे अडवण्याचे आणि उघडण्याचे व्यापक अधिकार त्यात सरकारला मिळत होते, म्हणून अनेकांना ही कृती आवडली. १११व्या कलमात कालमर्यादा नसल्यामुळे ते शक्य झाले. मला मात्र हा मार्ग पटत नाही. कागद परत पाठवला तर कारण सांगावे लागते आणि त्यावर बोलता येते. कागद दाबून ठेवला तर प्रश्न कोणाला कळतच नाही. आज एका चांगल्या हेतूने दाबलेला कागद उद्या दुसऱ्या हेतूनेही दाबता येतो.

बारावा नियम महाराष्ट्राने अगदी जवळून पाहिला. १२ नोव्हेंबर २०१९ रोजी राज्यात राष्ट्रपती राजवट लागली. २३ नोव्हेंबरच्या पहाटे, पावणेसहाच्या सुमारास, ती उठवल्याची अधिसूचना निघाली आणि सकाळी आठच्या आसपास राजभवनात नव्या मुख्यमंत्र्यांचा शपथविधी झाला. मंत्रिमंडळाची बैठक न घेता पंतप्रधानांनी याच नियमाचा आधार घेतला होता आणि मंत्रिमंडळाची मंजुरी नंतर मिळाली. ते सरकार चार दिवसांत कोसळले. १९७५ आणि २०१९ यांची तुलना मी करत नाही. एकीकडे देशाचे स्वातंत्र्य गोठले होते, दुसरीकडे राजवट उठवली जात होती. पण 'आधी सही, मग मंत्रिमंडळ' हा क्रम दोन्हीकडे तोच आहे. पक्ष बदलले तरी तो क्रम सोयीचाच राहतो, आणि म्हणूनच राष्ट्रपतींच्या टेबलावर कागद एक रात्र थांबण्याला अर्थ आहे.

या प्रतीकाचा आपल्याला उपयोग काय?

दरवर्षी संसदेच्या पहिल्या अधिवेशनाच्या आरंभी राष्ट्रपतींचे अभिभाषण होते. त्यातला शब्द न् शब्द मंत्रिमंडळाने मंजूर केलेला असतो आणि राष्ट्रपती 'माझे सरकार' असे म्हणत तो वाचतात. पुढच्या वर्षी सरकार बदलले तर तेच राष्ट्रपती उलट धोरणही 'माझे सरकार' म्हणूनच वाचतील. हे ऐकून हसू येऊ शकते. पण त्यात एक मोठी सोय दडलेली आहे. सरकार बदलले म्हणून राष्ट्र बदलत नाही. परदेशी राजदूत आपली अधिकारपत्रे राष्ट्रपतींना सादर करतात ती याच कारणाने, आणि सेनादलांचे सरसेनापतिपद घटनेने राष्ट्रपतींकडे ठेवले तेही याच कारणाने. सैनिकाची निष्ठा आज निवडून आलेल्या आणि उद्या हरणाऱ्या पक्षाशी बांधलेली नसावी.

१५ ऑगस्टला लाल किल्ल्यावर पंतप्रधान झेंडा फडकवतात आणि २६ जानेवारीला संचलनाची मानवंदना राष्ट्रपती घेतात. मुंबईतही स्वातंत्र्यदिनी मंत्रालयावर मुख्यमंत्री असतात, तर प्रजासत्ताकदिनी शिवाजी पार्कवर राज्यपाल. एक दिवस कारभाऱ्याचा, एक दिवस राज्यसंस्थेचा. हा फरक आपण इतक्या वर्षांत पाहून पाहून विसरलो आहोत.

शपथेतही तो दिसतो. मंत्री घटनेशी निष्ठा बाळगण्याची शपथ घेतात. राष्ट्रपतींच्या शपथेत घटनेचे आणि कायद्याचे जतन, संरक्षण आणि बचाव करण्याचे वचन आहे. निष्ठा बाळगणारा आपल्यापुरते पाहतो. बचाव करणाऱ्याला समोर आलेला कागद वाचावा लागतो. ७८व्या कलमाने राष्ट्रपतींना पंतप्रधानांकडे माहिती मागण्याचा अधिकार दिला आहे, तो वाचण्यासाठीच.

अलीकडे व्याख्यानांनंतर महाविद्यालयातली मुले एक प्रश्न हमखास विचारतात : "सर, सरकारला विरोध केला तर तो देशाला विरोध होतो का?" मी त्यांना भावनेचे उत्तर देत नाही, घटनेतले देतो. आपल्या घटनेने सरकारचा प्रमुख आणि देशाचा प्रमुख ही दोन पदे मुद्दाम वेगळी ठेवली आहेत. दोन्ही एकच असते तर तुझ्या प्रश्नाचे उत्तर अवघड झाले असते. ती वेगळी आहेत, म्हणूनच विरोधी पक्षाचा नेता त्याच राष्ट्रपतींपुढे निवेदन घेऊन जाऊ शकतो, ज्यांच्या नावाने सरकार चालते. सरकारशी भांडायला उभे राहण्यासाठी पायाखाली जी जमीन लागते, ती हे पद राखून ठेवते. हे पद पंतप्रधानांच्या सावलीत गेले तर ती जमीन आक्रसते. ते पंतप्रधानांशी स्पर्धा करू लागले तर तीच जमीन आखाडा होते.

१९९८ च्या लोकसभा निवडणुकीत नारायणन यांनी राष्ट्रपती भवनाच्या आवारातल्या मतदान केंद्रावर सामान्य मतदारांसारखे रांगेत उभे राहून मत दिले. पदावरील राष्ट्रपतींनी सार्वत्रिक निवडणुकीत मत देण्याची ही पहिलीच वेळ. त्याआधीचे राष्ट्रपती निःपक्षपातीपणा राखण्यासाठी मत देत नसत. नारायणन यांचे मत कोणाला गेले ते कोणालाच कळले नाही आणि कळण्याची गरजही नव्हती. दोन वर्षांनी, २७ जानेवारी २००० रोजी, प्रजासत्ताकाच्या सुवर्णमहोत्सवात संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात त्यांनी विचारले, की घटनेने आपल्याला निराश केले, की आपणच घटनेला निराश केले. त्या काळात घटनेच्या फेरआढाव्याची चर्चा जोरात होती. सरकारच्या निर्णयाला त्यांनी अडवले नाही. प्रश्न मात्र सरकारच्या देखत विचारला.

'रबर स्टॅम्प' या शेऱ्याकडे आता परत येऊ. शेरा मारणाऱ्याची तक्रार शिक्क्याबद्दल असेल तर ती गैरलागू आहे. राष्ट्रपती हा शिक्काच आहे. आंबेडकरांनी तसे योजून सांगितले होते आणि आपल्या जुन्या कागदांनाही ते ठाऊक होते. तक्रार करायची असेल ती रबराबद्दल करावी. रबरी शिक्का कोणत्याही कागदावर, कितीही वेगाने, कोणाच्याही हाताने उमटतो. राजमुद्रा उमटवण्याआधी कागद वाचायची रीत होती आणि मजकूर संपला की मोर्तब करून मर्यादा घालायची रीत होती.

पुढच्या वेळी एखाद्या घोषणेवर राष्ट्रपतींची सही झाल्याची बातमी येईल, तेव्हा सही झाली एवढ्यावर थांबू नये. कागद केव्हा आला, केव्हा परत गेला, मधे किती वेळ होता आणि मंत्रिमंडळाची बैठक सहीच्या आधी झाली की नंतर, एवढे चार प्रश्न आपण वाचक म्हणून विचारू शकतो. त्यांची उत्तरे बहुतेक वेळा वर्तमानपत्रातच असतात, फक्त आतल्या पानावर.